‘दुपारची झोप’ आणि इतर दोन फंड

४ फेब्रुवारी

चि. बेबीस,

अनेक उ. आ., वि. वि. ही अक्षरं आपण आयुष्यभर सवयीने लिहीत आलो. या खेपेला मात्र खरोखरच विनंती आहे आणि ती विशेषही आहे, तेव्हा चष्मा लावून, बसून वाच. फोन केला असता. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतेस. पैशाच्या कामात ते परवडायचं नाही.

इकडे सर्व ठीक. गुडघा आपल्या जागी, मी माझ्या. खिडकीखालच्या टायरवाल्याने हवा भरायचं नवं यंत्र आणलंय. ते दर थोड्या वेळाने मोठा उसासा सोडतं. पहिले काही दिवस मला वाटायचं, मीच सोडला. संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढतो आणि वर्गात शिकवलेल्या कविता मनातल्या मनात म्हणतो. तिसऱ्या कडव्यानंतर अडतो. मग पोरांचे चेहरे आठवतात आणि कडवं राहूनच जातं.

आता मुद्दा. तुझी वहिनी वजनमापं तपासायच्या खात्यात होती. जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला. तिचा एकच सिद्धान्त होता की माल जितक्या हातांतून जातो तितका घटतो. म्हणून आमची सगळी शिल्लक तिने तीन इंडेक्स फंडांत लावली. तिने मला समजावलं तसं तुला सांगतो: इंडेक्स फंड म्हणजे यादीतल्या सगळ्या कंपन्यांचा, ज्याच्या त्याच्या आकाराप्रमाणे, थोडा थोडा वाटा. ही चांगली, ती वाईट असं निवडत बसणारा शहाणा तिथे कुणी नेमलेला नाही. त्यामुळे शहाण्याचा पगारही आपल्या माथी नाही. एक फंड इथल्या कंपन्यांचा, एक बाहेरच्या जगाचा आणि एक रोख्यांचा, म्हणजे उसने देऊन शांतपणे व्याज घेत बसणारा. ती गेल्यावरही दर पहिल्या तारखेला पेन्शनमधून मी तिन्हींत थोडं थोडं घालत आलो. दुसरं कुठलंच काम मी इतकं वेळेवर केलेलं नाही. त्यात शाळाही आली.

तर आमच्या जुन्या ब्रोकरने आपलं चंबूगबाळं आवरून सगळी खाती एका मोठ्या ब्रोकरच्या पदरात टाकली. हा नवा म्हणतो, तुमचे जुने फंड खुशाल ठेवा. पण त्यांत नवी खरेदी कराल तर दर खेपेला, दर फंडामागे आमचं शुल्क पडेल. माझी खरेदी ती केवढी! केस कापायला बसावं आणि न्हाव्याने कानाचे पैसे वेगळे लावावेत, तशातली गत. त्याच्याकडे बिनशुल्क मिळणारे फंड ढिगाने आहेत, पण ते आमचे नव्हेत.

हे मी बाळ्याला सांगितलं, ही चूक झाली. चिरंजीव लिफ्टची तपासणी करतात हे तुला ठाऊक आहे; त्यांना प्रत्येक गोष्टीत दोर तुटताना दिसतो. त्याचं म्हणणं, बाबा, हे तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे, खात्याचं पूर्ण अधिकारपत्र माझ्या नावे करा आणि माझ्याकडे राहायला या. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं की मार्चअखेर तो येईल. तोवर मी सगळं एकट्याने नीट लावलं असेल तर मी इथेच राहीन आणि खातंही माझंच. नसेल लावलं तर सही करायची आणि सामान बांधायचं.

बेबी, मला हे घर सोडायचं नाही. कारण विचारू नकोस, कविता सुरू होईल. तू उभा जन्म लोकांना एका गोळीच्या बदली दुसरी गोळी दिलीस आणि कुणी दगावलं नाही, निदान तक्रार करायला परत आलं नाही. ही बदली कशी करतात ते मला सांग.

लोभ आहेच, त्यात दरमहा थोडी थोडी भर घालत जावी.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. मला ऐकू कमी येत नाही, लोक पुटपुटतात.

इकडे हे बरे आहेत, म्हणजे तक्रारी करतात. दुकान सुनेकडे दिलं तरी दुपारी मी गल्ल्यामागे बसते. काल एकाने मला विचारलं की, आजी, इथे कुणी माहीतगार आहे का. मी त्याला त्याच्या तिन्ही औषधांचे दुष्परिणाम सांगितले. तो खुर्ची मागून बसला.

आता तुझं काम. डॉक्टर चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव लिहितो. ते नसतं, किंवा असतं आणि महाग असतं. अशा वेळी मी वेष्टनाकडे बघतच नाही. आत औषध कोणतं, त्याची मात्रा किती आणि किंमत काय, एवढंच बघते. तुझ्या फंडाचंही तेच. तो कुठल्या यादीमागे चालतो ते बघ. तुमच्या जुन्या फंडाची जी यादी होती तीच हवी. नाव सारखं असून भागत नाही, आतली यादी वाच. मग गेल्या काही वर्षांत यादी जेवढी चढली-उतरली तेवढाच हा चढला-उतरला का, ते बघ. आणि वर्षाला खर्चापोटी किती कापून घेतो ते बघ. एकाच औषधाच्या दोन गोळ्यांत स्वस्त ती घ्यावी, यात विचार करण्यासारखं काही नसतं. विचार करायला लागलं की माणूस वेष्टनाकडे बघतो.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. ज्याचं नाव गोड त्याला तू भुलशील. लहानपणी तू खोकल्याचं औषध बाटलीवरच्या चित्रासाठी पीत होतास आणि खोकला मला होता.

आणखी एक. मी बदली औषध देते तेव्हा पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहून देते: ‘प्रेशरची, सकाळी’, ‘पायाची’, ‘झोपेची’. कंपन्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आपली राहतात. तूही तुला ओळखू येईल असं काही लिहून ठेव, म्हणजे घोळ होणार नाही.

बाळ्याला घाबरू नकोस. तो लहान होता तेव्हा झोपाळ्यावर बसायच्या आधी कड्या ओढून बघायचा. वाईट नाही तो, कड्या ओढतो इतकंच.

लोभ असावा, मात्रा वाढवली तरी चालेल.

तुझी,
बेबी


३ मार्च

चि. बेबीस,

अनेक उ. आ. वि. विशेष म्हणजे काम फत्ते झालं.

तू म्हणालीस तेच आधी झालं. पहिल्या संध्याकाळी मला एक ‘स्वर्णपहाट’ नावाचा फंड सापडला आणि मी हरखलो. कागदपत्रं वाचली तर आत एक शहाणा बसलेला, सल्लागारांची एक रांग आणि खर्चाचा आकडा असा की पहाट त्यांची, आपल्याला नुसतं उठायचं. सोडून दिला. मग ‘जागतिक’ नावाचा मिळाला. तुझं ऐकून आतली यादी वाचली तर जगातले मोजके श्रीमंत देश तेवढे घेतलेले, बाकीचं जग वेष्टनावर. तोही सोडला. एकाचा खर्च कमी होता, पण यादी एकीकडे जात होती आणि हा दुसरीकडे; विचारलं तर म्हणे काही काळ तसं होतं.

शेवटी हे सगळं मला माझ्या पद्धतीने उमगलं. दुपारच्या तासाला मी कवितेची एक ओळ म्हणायचो आणि मागून सगळा वर्ग म्हणायचा. काही पोरं ओळ आवडली म्हणून आपले शब्द घालत, काही पुढे पळत, काही खिडकीबाहेर बघत. पण एखादा असा असायचा की मी म्हटलं तेवढंच, तसंच, अर्ध्या मात्रेने मागून म्हणायचा. त्याला बक्षीस कधी मिळालं नाही. आज वाटतं, इंडेक्स फंड तो होता. यादी पुढे म्हणते, हा मागून म्हणतो, पदरचं काही घालत नाही आणि त्याबद्दल फारसं मागतही नाही. असे तीन शोधायचे होते. शोधले. तिन्हींच्या याद्या आपल्या जुन्या फंडांच्याच, खर्च जुन्यांपेक्षाही कमी आणि खरेदीला शुल्क नाही. पहिल्या तारखेला तिन्हींत माझी मी खरेदी केली. बटण दाबण्यापूर्वी हात धुतले, का ते माहीत नाही.

तुझी पाकिटावर लिहायची युक्तीही केली. नव्या ब्रोकरच्या संकेतस्थळावर प्रत्येक फंडाला आपल्या पसंतीचं नाव देता येतं. मोठमोठ्या कंपन्या म्हणजे वर्गातली पुढे बसणारी मुलं, म्हणून त्या फंडाचं नाव ‘पहिला बाक’. बाहेरच्या जगाचा तो ‘पलीकडचा काठ’. रोख्यांच्या फंडात काही म्हणजे काही घडत नाही आणि उठल्यावर बरं वाटतं, म्हणून ‘दुपारची झोप’. चौकोन दिला होता, त्यात मावली.

खात्याचा छापील उतारा येईल तो तसाच बाळ्याला पाठवून देतो. म्हणजे एकदाचा त्याच्या जिवाचा घोर मिटेल.

लोभ असावा, यादी वर जावो की खाली, तो तेवढाच.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. शाब्बास. नावांबद्दल मी काही बोलत नाही. ‘पायाची’ आणि ‘झोपेची’ यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

पण एक धोक्याची गोष्ट लिहायची राहिली. आता ते जुने तीन लगेच विकून टाक. माझ्या दुकानात सगळ्यांत जास्त घोळ याचाच होतो. बदली गोळी नेतात, जुनी पट्टी डब्यात तशीच असते, आणि माणूस दोन्ही घेतो. एकच औषध दुप्पट पोटात. मग नातेवाईक येतात, आणि नातेवाईक कधी शांतपणे येत नाहीत. एका औषधाची दोन नावं घरात ठेवू नयेत, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडलेला नाही. विक आणि मला कळव.

हे विचारतात की ‘दुपारची झोप’मध्ये त्यांना भाग घेता येईल का. मी सांगितलं, तुमची आधीपासूनच आहे.

लोभ असावा, उलटटपाली दिसावा.

तुझी,
बेबी


१४ मार्च

चि. बेबीस,

अनेक उ. आ. तुझ्या नियमाबद्दल आदर आहे. जुने विकणार नाही. ते हिने निवडले आहेत. त्यांत नवीन काही घालत नाही, शुल्क पडत नाही, पडून आहेत ते पडून राहू देत. फंड गोळी नव्हे, पोटात जात नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही आणि शोधणारही नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लोभ ठेवून रागाव.

तुझा,
दादा


१७ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. फोनवर आपलं बोलणं नीट होत नाही म्हणून लिहितो. विषय गंभीर आहे.

बाबांनी त्यांच्या खात्याचा उतारा मला पाठवला. सोबत चिठ्ठी, की सर्व मार्गी लागलं आहे. उतारा मी दोनदा वाचला. बाबांचे पैसे ‘पहिला बाक’, ‘पलीकडचा काठ’ आणि ‘दुपारची झोप’ या तीन ठिकाणी गेले आहेत. नावांपुढे बारीक अक्षरात काही सांकेतिक आकडे आहेत, त्यांवरून काही कळत नाही. मी नोंदणीकृत फंडांची पूर्ण यादी तपासली. ‘दुपारची झोप’ नावाचा फंड अस्तित्वात नाही. ‘पलीकडचा काठ’ हे नाव तर मला सरळसरळ अशुभ वाटलं. आईचे जुने तीन फंड तसेच पडून आहेत, म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं आहे हे त्यांनाही माहीत आहे की नाही, शंका आहे.

बाबांना कुणीतरी गोड बोलून फसवलं आहे असं मला वाटतं. काव्यमय बोलणारा माणूस असणार. दुसरी शक्यता लिहवत नाही.

आमच्या कामात नियम असा की संशय आला की आधी लिफ्ट थांबवायची, मग विचारायचं. मी ब्रोकरच्या तक्रार विभागाला कळवलं. वडील एकटे राहतात, वय अमुक, असं सांगताच त्यांनी खातं तत्काळ गोठवलं. आता बाबांना शाखेत स्वतः हजर राहून ओळख पटवावी लागेल आणि आपले व्यवहार आपल्याला समजतात हे दाखवावं लागेल. ते जमलं नाही तर अधिकारपत्राशिवाय मार्ग नाही, असं तिथला माणूस म्हणाला. मी पंचवीस तारखेला येतो आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मागची खोली रंगवून घेतली आहे. भिंतभर फळ्या ठोकल्या आहेत, पुस्तकांसाठी. तुम्ही त्यांना समजावा. तुमचं ते ऐकतात.

लोभ असावा. आपला,
बाळ


२१ मार्च

चि. बाळ्यास,

अनेक आ. तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर यांना पाणी द्यावं लागलं.

अरे शहाण्या, ‘दुपारची झोप’ म्हणजे रोखे. ‘पहिला बाक’ म्हणजे इथल्या मोठ्या कंपन्या आणि तो तुझा अशुभ काठ म्हणजे परदेश. नावं तुझ्या बापाने ठेवली आहेत. तो आयुष्यभर नावं ठेवत आला. तुझ्या सगळ्या मास्तरांना त्याने ठेवलेली नावं मला अजून पाठ आहेत. तुला बाळ्या तरी कुणी केलं? खरी नावं शेजारच्या त्या सांकेतिक आकड्यांत आहेत. पाकिटावर लिहून ठेव असं त्याला मी सांगितलं होतं, तेव्हा काव्यमय बोलणारा माणूस मी समज.

तू आधी थांबवतोस आणि मग विचारतोस, हे कामाच्या ठिकाणी ठीक आहे. पण थांबवताना लिफ्टमध्ये माणूस आहे का हे बघतोस ना? तुझा बाप आत आहे. पहिल्या तारखेला खरेदी करता आली नाही तर तो काय करील मला माहीत नाही, कारण वहिनी गेल्यापासून ती त्याने एकदाही चुकवलेली नाही. वहिनी गेली त्याच्या पुढच्याच महिन्यातसुद्धा.

जुने फंड विकले नाहीत याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची आहे. एका औषधाची दोन नावं घरात नकोत. ते त्याला तूच पटव.

आणि बाळ्या, फळ्यांचं तू त्याला सांगितलं आहेस का? मला वाटतं नाही. त्याला अधिकारपत्राचं तेवढं सांगितलंस.

लोभ आहे. अक्कल आली की वाढेल.

तुझी,
आत्या


२७ मार्च

चि. बेबीस,

अनेक उ. आ. वि. वि. मी अजून याच पत्त्यावर आहे, हे पाकिटावरून तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाळ्या आला तो थेट खातं गोठवल्याची बातमी घेऊनच आला. चूक झाली असं म्हणाला, आणि लगेच म्हणाला की तरीही शाखेत जावंच लागेल. बाहेर यंत्राने उसासा सोडला, तो त्याला माझा वाटला. मी तसं वाटू दिलं.

शाखा म्हणजे एक लांबट खोली. दारात नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र, भिंतीला जोडलेल्या खुर्च्या आणि काचेपलीकडे एक मनगटाला पट्टा बांधलेला गृहस्थ. त्याने माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली. आजची तारीख विचारली, माझं वय विचारलं. मग कागदात बघत, चेहरा सरळ ठेवून, विचारलं की, ‘दुपारची झोप’ या गुंतवणुकीबद्दल आपण काय सांगू शकाल. बेबी, मी जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्या. दिली ही पहिलीच. बाळ्या माझ्या खुर्चीमागे उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. इथे अडखळलो तर घर गेलं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिन्ही फंडांची खरी नावं, कुठला कुठल्या यादीमागे चालतो, खर्च किती, हे सगळं मी चालीवर पाठ केलं होतं. चाल सोडून म्हणायला लागलो की आठवेना. तेव्हा चालीवर म्हटलं. तो गृहस्थ कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेला. शेवटच्या ओळीला त्याचं डोकंही किंचित हलत होतं.

मग त्याने जुन्या तीन फंडांवर बोट ठेवलं आणि विचारलं की हे विकले नाहीत ते कुणाच्या सल्ल्याने. तुझा नियम आठवला. मी म्हटलं, पत्नीच्या. त्यावर तो म्हणाला की फार योग्य सल्ला, कारण एवढ्या वर्षांची वाढ आहे, विकले असते तर त्या वाढीवर बराच कर भरावा लागला असता. जुने ठेवून नवी खरेदी बदली फंडात करावी हेच बरोबर, पण लोक घाईने विकतात. मी मान अशी डोलावली की मला हे ठाऊकच होतं. तुला दुःख देण्यासाठी हे लिहीत नाही. पण दोनदा लिहावंसं वाटतं आहे.

खातं मोकळं झालं. अधिकारपत्राचा कोरा कागद त्याने तरीही पुढे सरकवला, म्हणाला, पुढेमागे लागेल म्हणून असू द्या. बाळ्या घाईने म्हणाला की त्याची आता गरज नाही. ठरल्याप्रमाणे त्याने शब्द पाळला. चेहरा मात्र हरलेल्या माणसाचा होता.

बाहेर बाकावर बसलो. तो म्हणाला की मागची खोली रंगवली आहे. मी रंग विचारला. फिका पिवळा म्हणाला. पुस्तकांना फळ्या केल्या आहेत म्हणाला. मी विचारलं, किती पुस्तकं मावतील. तो म्हणाला, सगळी, मी मागच्या खेपेला तुमचं कपाट मोजून नेलं होतं. मग आम्ही दोघेही रस्त्याकडे बघत बसलो. रस्त्यावर विशेष काही नव्हतं.

मी उठून पुन्हा आत गेलो, परत नंबराची चिठ्ठी घेतली आणि तो कागद मागून घेतला. त्यात तीन चौकोन असतात: खातं नुसतं बघण्याचा अधिकार, व्यवहार करण्याचा आणि सर्व. पहिल्यात खूण केली, बाळ्याचं नाव लिहिलं आणि सही केली. मागोमाग आलेल्या बाळ्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, असू दे, कड्या ओढून बघायला.

लोभ असावा, नुसता बघण्याचा नव्हे, पूर्ण अधिकाराचा.

तुझा,
दादा


३ एप्रिल

ती. दादास,

सा. न. कराचं वाचलं. दोनदा लिहायची गरज नव्हती. यांनी मला ते तीनदा वाचून दाखवलं.

औषधांवर वाढ झाली म्हणून कर बसत नाही, म्हणून माझा नियम औषधांपुरता बरोबर आहे आणि राहील. वहिनीला माझा नमस्कार सांग. तू कसा सांगतोस ते तुला माहीत.

लोभ असावा, मुकाट्याने.

तुझी,
बेबी


४ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. या महिन्याची खरेदी दिसली. तिन्ही फंडांत झाली आहे. एप्रिलची आणि मेचीही दिसली होती, तेव्हा कळवायचं राहिलं.

मी दर पहिल्या तारखेला सकाळी कामावर पोचलो की खातं उघडून बघतो. व्यवहारात लक्ष घालण्याचा हेतू नाही. लिफ्टच्या फलकावर दिवा लागलेला दिसला की ती चालू आहे हे कळतं, तशातलं आहे. खरेदी दिसली की मग मी कामाला लागतो.

इकडे कामं फार आहेत. सलग सुटी मिळत नाही, त्यामुळे येणं होत नाही. तुम्हीही येत नाही. फळ्यांवर सध्या तुमच्या सूनबाईंनी कुंड्या ठेवल्या आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा काढता येतील.

लोभ असावा, लिफ्टला असते तशी भाराची मर्यादा त्याला नाही.

आपला,
बाळ


७ जुलै

चि. बेबीस,

अनेक उ. आ. वि. वि. तू रागावणार आहेस, तेव्हा आधी कबूल करतो की प्रकृती उत्तम आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे आणि जे केलं ते समजून केलं.

या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी खरेदी केली नाही. सकाळी हात धुतले, संगणक उघडला, तिन्ही फंड समोर मांडले आणि बटण न दाबता बंद केला. दिवसभर अपराध्यासारखं वाटलं. तुझी वहिनी असती तर काट्याकडे बोट दाखवून उभी राहिली असती. दुसऱ्या दिवशीही केली नाही. फोन वाजला, तो उचलला नाही, वाजू दिला. त्याचं मात्र वाईट वाटलं.

तीन तारखेला संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बाळ्या कामाच्याच कपड्यांत, अवजारांची पिशवी खांद्याला. आधी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, मग घरात येऊन दिवे लावून बघितले, नळ सोडून बघितला. मग विचारलं की खरेदी का केली नाही. मी म्हटलं, विसरलो. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला की रजा टाकून आलो आहे, आता रविवारपर्यंत राहीन.

चार दिवस राहिला. दाराची बिजागरी बसवली. खिडकीशी दुसरी खुर्ची ओढून बसायचा. टायरवाल्याच्या यंत्राचा दाब बरोबर नाही असं त्याचं मत पडलं, तेव्हा खाली जाऊन त्याच्याशी तासभर बोलून आला; आता ते उसासा सोडत नाही. एका संध्याकाळी मी तिसऱ्या कडव्याशी अडलो तर चौथं त्याने म्हटलं. मला वाटत होतं की माझ्या वर्गात असताना हा खिडकीबाहेर बघायचा.

चार तारखेला, त्याच्यासमोर, मी खरेदी केली. तेवढ्या दिवसांत भाव थोडे चढले होते. मी हिशेब केला. उशीर झाल्याने मला पडलेला खर्च एका साध्या बसच्या तिकिटाइतका आहे. शुल्क म्हणून मला तो वाजवी वाटला.

काल निघताना जिन्यात थांबला, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि खाली बघत म्हणाला की, बाबा, पुढच्या खेपेला विसरायचं असेल तर पहिली तारीख शुक्रवारी येत असेल तेव्हा विसरा, म्हणजे मला रजा टाकावी लागत नाही. मी काही न समजल्यासारखा चेहरा केला आणि दार लावून घेतलं.

मग कॅलेंडर काढून बघितलं. पुढच्या महिन्याची पहिली तारीख शुक्रवारीच येते आहे.

लोभ असावा. बाळ्याला यातलं काही कळवू नकोस. त्याला सगळं कळलेलं आहे.

तुझा,
दादा